अनुदानाच्या यादीत आमचे नाव पहिले छापा : वित्त विभागास खुले पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव,
वित्त विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई – ४०० ०३२

विषय : सहायक अनुदाने व अंशदाने ज्यांच्या हाती पडतात त्या संस्थांची नावनिशीवार यादी नियमितपणे प्रसिद्ध करण्याबाबत.

महोदय,

मी एका लहान गावातील ‘ड’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा कार्यवाह आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेल्या हजारो ग्रंथालयांपैकी आमचे एक. शासनाचे परिरक्षण अनुदान आम्हांला वर्षातून दोन हप्त्यांत मिळते आणि त्यातून ग्रंथपालाचे तुटपुंजे वेतन, वर्तमानपत्रांची बिले, दिवाळी अंक आणि उरलेच तर काही नवी पुस्तके एवढा संसार चालतो. या रकमेपोटी आम्ही किर्द, खतावणी, पुस्तकांची दाखल नोंदवही आणि देवघेव नोंदवही ठेवतो, सनदी लेखापालाकडून हिशेब तपासून घेतो, वार्षिक अहवाल वेळेवर सादर करतो, आणि तपासणीला अधिकारी आले की कपाटातील पुस्तके मोजूनही देतो. याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. सार्वजनिक पैसा घेतला की पै-पैचा हिशेब देणे आलेच.

माझे म्हणणे निराळे आहे. हा सगळा हिशेब आम्ही कार्यालयाला देतो आणि तो कार्यालयाच्या फायलीत राहतो. ज्या गावकऱ्यांच्या करातून हे अनुदान येते, त्यांनी आमच्याकडे न येता, कोणालाही न विचारता, ‘या ग्रंथालयाला यंदा किती मिळाले?’ हे पाहायचे ठरवले, तर ते पाहण्याची जागाच शासनाने ठेवलेली नाही. आणि जे आमच्या काही हजारांचे, तेच शिक्षणसंस्थांच्या, वसतिगृहांच्या, क्रीडामंडळांच्या, महामंडळांच्या आणि सहकारी संस्थांच्या लाखांचे आणि कोटींचे. म्हणून अनुदान घेणाऱ्या बाजूने हे पत्र लिहीत आहे. आमची नावे छापा, रकमेसह छापा, आणि हवे तर सुरुवात आमच्यापासूनच करा.

हा विचार सुचला तो एका साध्या अडचणीतून. आमच्या तालुक्यातील ग्रंथालयांनी एकत्र येऊन पुस्तकखरेदी करावी, म्हणजे प्रकाशकांकडून सवलत चांगली मिळेल, अशी कल्पना निघाली. कोणाकडे खरेदीसाठी साधारण किती रक्कम असेल याचा अंदाज घ्यायचा म्हणून मी जिल्ह्यातील ग्रंथालयांना तीन वर्षांत मिळालेल्या अनुदानाची यादी एका कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात मागितली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, आणि आपल्या राज्याच्या नियमानुसार अर्ज दीडशे शब्दांत व एकाच विषयापुरता ठेवला. (हे पत्र त्या नियमात कधीच बसले नसते.) उत्तर महिन्याच्या शेवटी आले : मागितलेली माहिती विस्तृत स्वरूपाची असून संकलित स्वरूपात उपलब्ध नाही, सबब कार्यालयात येऊन अभिलेख पाहावेत. मी गेलो. तेथील लिपिकाने अत्यंत सौजन्याने गठ्ठे काढून दिले. गंमत अशी की मला हवी असलेली यादी प्रत्येक गठ्ठ्यात होती. प्रत्येक हप्त्याच्या आदेशामागे संस्थेचे नाव, बँक खाते आणि रक्कम असलेले टंकलिखित परिशिष्ट नीट जोडलेले होते. म्हणजे माहिती संकलित होती आणि संगणकावरच तयार झालेली होती. ती फक्त बाहेरच्या कोणाला दाखवायची म्हणून कोणी तयार केलेली नव्हती. दोन रुपये पानाप्रमाणे पैसे भरून मी प्रती घेतल्या आणि घरी परतल्यावर तेच आकडे पुन्हा संगणकात भरत बसलो.

त्या दिवसापासून अनुदानाचा प्रवास मी जरा बारकाईने पाहू लागलो, आणि एक गोष्ट ध्यानात आली, जी आपणांस माझ्यापेक्षा कितीतरी चांगली ठाऊक असणार. वरच्या टप्प्यांवर या राज्याची आर्थिक पारदर्शकता मुळीच वाईट नाही. अर्थसंकल्पाची प्रकाशने संकेतस्थळावर असतात. त्यात प्रत्येक लेखाशीर्षाखाली (म्हणजे खर्चाच्या हिशेबी शीर्षकाखाली) ३१ सहायक अनुदाने (वेतनेतर), ३२ अंशदाने, ३३ अर्थसहाय्य, ३५ भांडवली मत्तेच्या निर्मितीसाठी अनुदाने, ३६ सहायक अनुदाने (वेतन) अशा उद्दिष्टांनिहाय, म्हणजे खर्चाच्या प्रकारांनिहाय, तरतुदी कोणालाही वाचता येतात. बीम्स या शासनाच्या अर्थसंकल्पविषयक संगणक प्रणालीवर निधीचे वितरण नोंदवले जाते. त्यानंतर प्रशासकीय विभाग शासन निर्णय काढतो आणि त्याच्या शेवटी ते सर्वांना पाठ झालेले वाक्य येते, की सदर शासन निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक आहे. त्या लांबलचक संकेतांकाचे पहिले आठ अंक तारीख सांगतात, त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मंत्रालयाचे दिवे किती उशिरापर्यंत जळत होते हेही कळते. पण त्या शासन निर्णयात बहुधा इतकेच लिहिलेले असते, की इतकी रक्कम अमुक संचालकांना किंवा आयुक्तांना वितरित करण्यास मान्यता देण्यात येत आहे. पुढे संचालनालयाचा आदेश, जिल्हा कार्यालयाचे देयक, कोषागाराची मंजुरी आणि संस्थेच्या खात्यात जमा, हे चार टप्पे जनतेच्या दृष्टीने अंधारात पार पडतात. पैसा ज्या टप्प्यावर खऱ्या हातात पडतो, नेमका त्याच टप्प्यावर कागद दिसेनासा होतो. ३२ या उद्दिष्टाखालील अंशदानांचे तर नावही सामान्य माणसाच्या कानावरून जात नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समनिधी योजनेतून आमच्यासारख्या ग्रंथालयांना पुस्तके मिळतात, आणि त्या योजनेत राज्यालाही आपला वाटा घालावा लागतो, हे ती पुस्तके वाचणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल?

कायद्याची बाजू पाहिली तर मी काही नवे मागत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन प्रसिद्ध करावयाच्या सतरा बाबी आहेत. त्यांतील बाराव्या बाबीत अर्थसहाय्याच्या कार्यक्रमांची अंमलबजावणी, वाटलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील, तर तेराव्या बाबीत सवलती व परवाने मिळालेल्यांचा तपशील येतो. हे करण्यासाठी दिलेली १२० दिवसांची मुदत १२ ऑक्टोबर २००५ रोजीच संपली. नागरिकांना अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी, हा हेतूही त्याच कलमात लिहिलेला आहे, आणि माहिती स्थानिक भाषेत असावी हेही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किशनचंद जैन प्रकरणात केंद्रीय व राज्य माहिती आयोगांना कलम ४ च्या अंमलबजावणीवर सतत देखरेख ठेवण्यास सांगितले. शिवाय केंद्राचा कायदा येण्यापूर्वीच या राज्याने स्वतःचा माहिती अधिकाराचा कायदा केला होता आणि तो २००२ पासून लागू मानला गेला, तेव्हा महाराष्ट्राने या बाबतीत दुसऱ्या कोणाकडून धडा घ्यावा लागणे खरे तर शोभत नाही.

तरीही दोन उदाहरणे सांगतो. राजस्थानने १३ सप्टेंबर २०१९ रोजी जन सूचना पोर्टल सुरू केले आणि अनेक योजनांची माहिती पंचायत व प्रभागाच्या पातळीपर्यंत, कोणताही अर्ज न करता, पाहता येईल अशी ठेवली. दुसरे उदाहरण दूरचे, पण आपल्या विभागाच्या कामाशी अगदी जवळचे आहे. कॅनडाच्या केंद्र सरकारची खाती २५,००० डॉलरपेक्षा मोठे प्रत्येक अनुदान आणि अंशदान प्राप्तकर्त्याच्या नावासह दर तिमाहीला प्रसिद्ध करतात. तिमाही संपल्यापासून ३० दिवसांत ते प्रसिद्ध करणे २०१९ च्या कायदादुरुस्तीने बंधनकारक झाले. मला त्यातील लक्षणीय वाटते ती गोष्ट ही, की कायदा होण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून तेथे ही प्रथा केवळ प्रशासकीय धोरण म्हणून चालू होती. याचा अर्थ, विधिमंडळात विधेयक येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वित्त विभागाच्या एका शासन परिपत्रकाने येथेही प्रारंभ होऊ शकतो.

आता एका विसंगतीकडे लक्ष वेधतो, कारण या पत्रातील सर्वांत बोचणारी बाब तीच आहे. रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या मजुराचे नाव, त्याच्या हजेरीचे दिवस आणि त्याला मिळालेली मजुरी वर्षानुवर्षे संकेतस्थळावर जगाला दिसत आली आहे. रोजगार हमीची मूळ कल्पना याच राज्याची, १९७७ च्या अधिनियमाने कायद्यात आलेली. पीएम किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये मिळणाऱ्या शेतकऱ्यांची गावनिहाय यादी घरबसल्या पाहता येते. थोडक्यात, ज्याला दोन हजारांचा हप्ता मिळतो त्याचे नाव उघड आहे. पण ज्या संस्थेला इमारतीसाठी कोटीभर रुपयांचे अनुदान मिळते, ज्या उद्योगाला १९६४ पासून चालत आलेल्या सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली कराचा परतावा आणि वीजशुल्काची माफी मिळते, किंवा ज्या कारखान्यात शासनाचे भागभांडवल गुंतलेले आहे, त्यांना कोणत्या वर्षी नेमके काय मिळाले याची एकत्र, चाळता येईल अशी यादी नागरिकाला सहज सापडत नाही. मजुराच्या हजेरीपत्रकाला जो न्याय लावला, तो संस्थेच्या परिशिष्टाला लावायला कोणती अडचण आहे, हे मला प्रामाणिकपणे समजलेले नाही.

अडचण म्हणून अलीकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचे नाव घेतले जाईल, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती अधिकाराच्या, व्यक्तिगत माहिती नाकारण्याची मुभा देणाऱ्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. पूर्वी त्या कलमात व्यापक जनहिताची कसोटी होती, आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे परंतुक होते. ते दोन्ही गेले. हा बदल मला पसंत नाही, पण तो क्षणभर मान्य करूनही माझी मागणी टिकते. कारण तो नवा अधिनियम व्यक्तीच्या माहितीचे रक्षण करतो, आणि नोंदणीकृत न्यास, सोसायटी, कंपनी किंवा सहकारी संस्था ही काही त्या अर्थाने व्यक्ती नव्हे. संस्थेला मिळालेल्या शासकीय अनुदानाला खासगी जीवन नसते. कलम ४ मधील बारावी बाबही जागच्या जागी आहे, आणि जनहित मोठे असेल तर माहिती देण्याची मुभा देणारे कलम ८(२) देखील आहे.

याउलट व्यक्तीला मिळणाऱ्या मदतीबाबत मी सावधगिरीच्या बाजूचा आहे. उपचारासाठी मदत घेतलेल्या रुग्णाचे नाव व आजार, निराधार स्त्रीचे निवृत्तिवेतन, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती आणि त्यासोबत त्याची जात, हे संकेतस्थळावर टांगणे मला क्रूरपणाचे वाटते. तेथे गावनिहाय संख्या आणि एकूण रक्कम पुरे. बँक खाते आणि आधार क्रमांक तर कोणाचेच छापू नयेत. माझी मागणी संस्थांपुरती आहे, आणि ही रेषा परिपत्रकातच स्पष्ट आखली तर उद्या कोणी कनिष्ठ अधिकारी भीतीपोटी सगळेच झाकणार नाही आणि उत्साहापोटी सगळेच उघडेही करणार नाही.

संस्थांच्या बाबतीत न्यायालयानेही हीच दिशा दाखवली आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये डी.ए.व्ही. कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शासनाकडून लक्षणीय वित्तसहाय्य घेणारी अशासकीय संस्थादेखील सार्वजनिक प्राधिकरण ठरते, आणि लक्षणीय म्हणजे निम्म्याहून अधिकच असले पाहिजे असे नाही. सवलतीत मिळालेल्या जमिनीचाही त्यात विचार होऊ शकतो. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या १९७१ च्या अधिनियमातील कलम १४ तर आकडाच देते : वर्षाचे अनुदान वा कर्ज २५ लाख रुपयांहून कमी नसेल आणि ते संस्थेच्या एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांहून कमी नसेल, तर त्या संस्थेचे लेखापरीक्षण होते. पण कोणती संस्था या कसोटीत बसते हे ठरवायला तिला एकंदर किती मिळाले हे कळले पाहिजे, आणि एकाच संस्थेला तीन विभागांकडून पैसे मिळत असतील तर ते आज एका जागी दिसतात कुठे?

यादी कशी असावी, हे थोडे सांगतो, कारण अशा गोष्टी तपशिलात बिघडतात. संस्थेचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक दोन्ही हवेत, कारण ‘शिक्षण प्रसारक मंडळ’ या नावाच्या किंवा त्यात तालुक्याचे नाव मिसळलेल्या इतक्या संस्था या राज्यात आहेत, की नुसत्या नावाने कोणाचा पत्ता लागणे अशक्य. त्यापुढे जिल्हा व तालुका, योजना, लेखाशीर्ष, प्रयोजन, मंजूर रक्कम, प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम व तारीख, आणि मूळ शासन निर्णयाचा संकेतांक. मंजूर आणि जमा हे दोन वेगळे रकाने असणे महत्त्वाचे आहे. आमच्यासारख्यांना दुसरा हप्ता किती उशिरा मिळतो, हे त्यातून आपोआप दिसेल, आणि शासनाला ते दिसणे आमच्या सोयीचेच आहे. शुद्धिपत्रकाने रक्कम बदलली तर जुनी नोंद पुसू नये, नवी तिच्याखाली यावी. शेवटचा रकाना उपयोगिता प्रमाणपत्राच्या, म्हणजे अनुदान ठरल्या कामीच खर्च झाल्याच्या दाखल्याच्या, तारखेचा असावा. महालेखापरीक्षकांच्या राज्य वित्तव्यवस्थेवरील अहवालात प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रांचा विषय वर्षानुवर्षे येतो, विभागनिहाय आकडे येतात, वर्तमानपत्रांत एक दिवस बातमी येते, आणि प्रमाणपत्र न देणारी संस्था मात्र अनामिक राहते. परिणामी वेळेवर हिशेब देणारी आणि न देणारी, अशा दोन्ही संस्था लोकांच्या नजरेत सारख्याच संशयास्पद ठरतात.

यादी युनिकोड मराठीत, संगणकावर चाळता व बेरीज करता येईल अशा स्वरूपात हवी. तिरपे ठेवून स्कॅन केलेले, शिक्का नेमका रकमेवर बसलेले परिशिष्ट ही प्रसिद्धी नव्हे.

यामुळे कामाचा बोजा वाढेल, असा आक्षेप येईल. कोषागारातून रक्कम आता थेट खात्यात जमा होते आणि त्यासाठी प्राप्तकर्त्याचे नाव, रक्कम, लेखाशीर्ष व तारीख हे सर्व आधीच भरलेले असते. नव्याने काही गोळा करायचे नाही, आहे त्यातील काही रकाने बाहेर दाखवायचे आहेत. आपल्या विभागाच्या हाती एक साधा उपायही आहे. शासन निर्णयाला जसा संकेतांक द्यावाच लागतो, तसा अनुदानाच्या प्रत्येक देयकाला यादीतील नोंद क्रमांक असल्याखेरीज कोषागाराने ते स्वीकारू नये, एवढी अट घातली तर आहरण व संवितरण अधिकारी (कोषागारातून रक्कम काढून वाटणारे) पुढील मार्चपर्यंत सरावतील.

दुसरा आक्षेप कोणी उघडपणे घेणार नाही, पण मनात असेल : यादी दिसली की गावोगाव तुलना सुरू होतील, शेजारच्या संस्थेला जास्त का, आम्हांला कमी का, अशी भांडणे होतील. होतील हे खरे आहे. आमच्या तालुक्यातही मी त्या प्रती दाखवल्या तेव्हा पहिला अर्धा तास कुरबुरीतच गेला. मग वर्ग वेगळा असल्याने अनुदान वेगळे आहे हे समजले, एका ग्रंथालयाचा हप्ता तांत्रिक चुकीने परत गेला होता हे तेथेच उघड झाले, आणि एकत्रित खरेदी शेवटी झाली.

माझी विनंती अशी की आपण पहिल्या टप्प्यात केवळ उद्दिष्ट ३१ व ३२ खालील रकमा आणि एकच संचालनालय घ्यावे. ग्रंथालय संचालनालय घेतलेत तर उत्तम, कारण आमची संख्या मोठी, रकमा लहान आणि हिशेब तपासलेले असतात, त्यामुळे चूक झाली तरी ती स्वस्तात दुरुस्त होईल. पुढील आर्थिक वर्षाचा पहिला हप्ता या यादीसह निघावा, आणि त्यानंतर सामाजिक न्याय, आदिवासी विकास, शालेय शिक्षण, क्रीडा, सहकार व उद्योग या विभागांसाठी आपण तारखा जाहीर कराव्यात. हे शक्य नसेल तर कोणत्या नियमामुळे शक्य नाही, ते लेखी कळवावे.

या पत्राची एक प्रत आमच्या ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर लावली आहे. त्याच फलकावर गेल्या वर्षीचे दोन्ही हप्ते, ते जमा झाल्याच्या तारखा आणि खर्चाची विभागणी आम्ही महिन्याभरापूर्वीच लावली. त्याखाली तालुक्यातील इतर ग्रंथालयांसाठी रकाने आखून ठेवले आहेत. त्यांतील दोघांनी आपले आकडे स्वतः येऊन भरले, बाकीचे रिकामे आहेत.

आपला विश्वासू,
कार्यवाह, एक ‘ड’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालय